दादाच्या कोडमधली फट

ऑफिसात तिला सगळे चिमटी म्हणायचे. बारीकशी चूकही चिमटीत धरून बाहेर काढायची म्हणून. नाव ठेवलेलं तिच्याच थोरल्या भावाने. दादाही आमच्यातलाच, आमच्या कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टीममधला फायली सांभाळणारा सगळा कोड त्याने लिहिलेला. दोघांची टेबलं शेजारी आणि भांडण दिवसभर. किती वैतागायचो आम्ही त्या कटकटीला! दादा अचानक वारला, आणि तो कोपरा इतका गप्प झाला की मला तिकडे फिरकवेना.

त्यानंतर एक लचांड मागे लागलं. फाइल उघडायला सांगितली की मशीन मधूनच 'फाइल नाही' म्हणायचं. पुन्हा सांगितलं की फाइल हजर. त्या बगला, म्हणजे कोडमधल्या लपलेल्या चुकीला, आम्ही जावई म्हणायचो. लहर आली की यायचा, बोलावून कधी नाही. शेवटी साहेब कंटाळले.

"दादाचा कोड काढून टाकू. बाहेरून तयार घेऊ."

"त्याच्या कोडमध्ये खोट नाही," चिमटी म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत थांबा, दाखवते."

तिने आधी मशीनला प्रत्येक पायरीची नोंद छापायला लावली. जावई गायब. नोंदी बंद केल्या की परत दारात. छापण्यात जरासा वेळ जात होता आणि तेवढ्यानेच त्याची नेमकी वेळ हुकत होती, हे तिने ओळखलं.

"आता त्याची वाट बघायची नाही," मला म्हणाली. "त्याला यायला जागा करून देऊ."

मग एकेका पायरीनंतर ती मशीनला मुद्दाम थांबवून तेव्हाच फाइल मागू लागली. एका ठिकाणी जावई दरवेळी आला. तिथे जुनी फाइल काढून नवी ठेवली जायची. जुनी गेली, नवी अजून बसली नाही, आणि नेमकी तेव्हाच कुणी मागितली, तर फाइल खरोखरच नसायची. ते लिहिलं होतं दादानेच.

चेहरा उतरला तिचा. पण तशीच उठून साहेबांकडे गेली.

"खोट दादाचीच आहे. नवी फाइल बसेपर्यंत मागणाऱ्याला थांबवलं की झालं. तेवढ्यासाठी त्याचं सगळं काम फेकू नका."

साहेबांनी दुरुस्ती चालवून पाहिली. दादाचा कोड राहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण चिमटीला हसू येईना.

"जन्मभर त्याची एक चूक शोधत होते," ती म्हणाली. "आज सापडली, आणि भांडायला तो नाही."

एवढं बोलून ती रडायला लागली.