पाहुण्या नटीची जागा

उल्हासनगरच्या एका कॉलेजात शनिवारी-रविवारी दुपारी नाट्यशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. वयाची अट नाही. प्रवेश घेतला तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि एका स्थानिक दैनिकात बातम्या तपासत होते. वर्गात जीन्सच्या कारखान्यातला कटिंग मास्टर होता, सिंधी कापड दुकानदाराची मुलगी होती, बदलापूरचे दोन शिक्षक होते. वर्ष संपताना सरांनी अट घातली. शेवटचा प्रयोग कॉलेजच्या हॉलमध्ये होणार नाही. जिथे लोक तुम्हाला ओळखतात तिथे तो करायचा.

"अनोळखी माणसांपुढे कोणीही धीट होतं," ते म्हणाले.

माझं सासर पालेगावच्या पलीकडे. शेतं गेली, टॉवर आले, पण देवीच्या पालखीच्या संध्याकाळी गावकऱ्यांचं नाटक अजून होतं. टॉवरवाले आवाजाची तक्रार करतात म्हणून ते आता साडेसहालाच सुरू होतं, एवढाच फरक. नट सगळे गावातले. नायिका मात्र बाहेरून आणायची. मंचावर असतो तो प्रत्येक पुरुष गावातल्या बाईचा कोणीतरी लागतो, म्हणून गावची बाई मंचावर नको, असा हिशेब. पाहुणी नटी फक्त शेवटच्या दोन तालमींना येते. तोवर कोणीतरी पुस्तक धरून तिचे संवाद वाचतं.

मंडळाचे अध्यक्ष माझे चुलत सासरे. मी त्यांच्याकडे नायिकेची भूमिका मागितली. नायक होता त्यांचाच मुलगा, म्हणजे माझा दीर.

"तो तुमाला राणी म्हननार?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाटकात."

"सून कवा स्टेजवर चढली नाय आपल्या गावान. पालखीफुडं आरती धरा, तो मान तुमचा."

दीर बाजूला उभा होता. म्हणाला, "वयनी, माझी पन थोरी दया करा. मला घरी जेवाला बसायचंय."

सगळे हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, भूमिका नाही तर तालमीत पुस्तक तरी द्या. ते त्यांनी लगेच दिलं. वाचण्यात कोणाला काही गैर वाटलं नाही, आणि मंडळाची चूक झाली ती इथेच.

महिनाभर शाळेच्या वर्गात तालमी झाल्या. चौथ्या दिवशी मी पुस्तक बाकावर ठेवलं, कारण संवाद पाठ झाले होते. आठव्या दिवसापासून उभी राहून म्हणू लागले. नायक रुसून दाराकडे गेला की मी दारापर्यंत जात असे. कोणी हरकत घेतली नाही. त्यांच्या लेखी मी वाचतच होते.

पाहुणी नटी डोंबिवलीहून आली. पन्नाशीची, शांत, कामात चोख. पहिल्याच प्रवेशात नायक तिच्याकडे पाहीना. ती डावीकडे उभी, तो उजवीकडे बोलत होता, कारण उजवीकडे पुस्तक घेऊन मी होते. ती दाराशी गेली तेव्हा तो खिडकीशी होता. दुसऱ्या अंकात तो सवयीने मी वाक्याला घेते तेवढा वेळ थांबून राहिला. तिने वाक्य आधीच संपवलं होतं.

"दादा," तिने अध्यक्षांना हाक मारली, "तुमचा हिरो माझ्याशी बोलतच नाहीये. दोन दिवसांत तो नवीन बायकोला सरावायचा नाही. ह्यांना उभं करा. पुस्तक मी धरते."

"त्या आमच्या सूनबाई हायत."

"मग महिनाभर काय करत होत्या इथे?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांनी मला सांगितलं, तुम्ही विंगेत बसा, ह्याला आवाज द्या, बाई तोंड हलवतील. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. म्हटलं, "आवाज हवा असेल तर त्याच्यामागून मीही येणार. नाहीतर दोन्ही नाही." दीर घाम पुसत म्हणाला, "बाबा, मला एक वाक्य आठवत नाय. वयनीच येऊ दे."

पालखीच्या संध्याकाळी माइकवर कलाकारांची नावं पुकारली गेली. माझं पुकारलं नाही. पहिल्या प्रवेशाला एकही टाळी पडली नाही. बायकांच्या बाजूला पदर तोंडाशी गेले. दिराने माझ्याकडे पाहिलं आणि पाठ केलेली 'राणी' त्याच्या तोंडून आलीच नाही.

"वयनी," तो मोठ्याने म्हणाला, "मी तुला टाकून जानार नाय."

मंडपात हशा उसळला. पुरुषांच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. विंगेतून नटी पुन्हा पुन्हा पुढचं वाक्य सुचवत होती. मी घेतलं नाही. हशा संपू दिला. मग म्हटलं, "लोकांदेखत वहिनी म्हणा, हरकत नाही. पण जानार नाय म्हणालात ते साऱ्या गावाने ऐकलंय. आता आत या."

या वेळी हशा बायकांच्या बाजूने आला. तो माझ्यावर नव्हता. त्यानंतर दीर एकदाही चुकला नाही. पहिल्या रांगेतले अध्यक्ष दुसऱ्या अंकाआधी उठले आणि परत आले नाहीत. उरलेलं नाटक मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर केलं, एकही ओळ न गाळता.

सरांनी प्रमाणपत्र दिलं. गावात त्याचा विषय कोणी काढला नाही. दीर घरी जेवायला बसतो, वहिनीच म्हणतो.

यंदा मंडळाने एकही स्त्री नसलेलं नाटक निवडलं आहे. तालमी पुढच्या सोमवारपासून. मी काल अध्यक्षांकडे लेखी अर्ज दिला आहे, फौजदाराच्या भूमिकेसाठी.