मास्तर माझ्या डाव्या कानाशी

पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत कबड्डीचा एकही कोच मला दबावात घेऊ शकला नाही! आता खरं सांगतो. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही, अन् पंच म्हणून उभा राहताना मी कोचला नेहमी डावीकडेच ठेवतो.

आठवी नापास माणसाच्या गळ्यात शिट्टी अडकवली की किस्से होणारच. माझे बहुतेक देविदास मास्तरपायी झाले. मास्तर म्हणजे सौंसरचा कोच, माझा आठवीतला जोडीदार. फरक एवढाच, की तो पास झाला. पंधरा वर्षं त्याची टीम फायनलला येत होती, अन् दरवेळी कप पांढुर्ण्याला जात होता. शिट्टी माझीच!

*

खेळ चालू असताना कोचनं पंचाशी बोलायचं नाही, कॅप्टननं बोलायचं, असा नियम. एकदा मी त्याचा गडी आउट दिला. मास्तर बेंचवरून हातवारे करत कॅप्टनला किती तरी वेळ काहीबाही बोलला. कॅप्टन माझ्याकडे आला.

"काका, सर म्हणते, जरा पाहून द्या."

"एवढा वेळ बोलला, अन् एवढंच? पूर्ण सांग."

"पूर्ण सांगतलं तं तुमी मलेच बाहेर काढान!"

*

लोधीखेड्यात मास्तरला माझ्या कानाचं कळलं. तो उजवीकडे आला. मी वळलो. तो पुन्हा उजवीकडे. मी पुन्हा वळलो. शेवटी माइकवाला ओरडला, "पंचसाहेब, रेड तिकडं चालू हाय!"

चिडून मी खिशातून ताकिदीचं हिरवं कार्ड काढलं. मास्तर जवळ आला, चष्मा लावला अन् मोठ्यानं वाचू लागला.

"बीपी, शुगर... बे, हे तं तुह्या दवाखान्याचं कार्ड हाय! मले भरती करून राहिला का?"

*

यंदा मास्तरचं शेवटचं वर्ष. पुढं टीम दुसऱ्याकडे जाणार. फायनल, स्कोअर बरोबरीत, शेवटची रेड. सौंसरचा रेडर एकाला शिवून परतला, तिघांनी त्याला दाबलं, त्यानं मधल्या रेषेकडे हात फेकला. अन् चुना उडून थेट माझ्या डोळ्यात! हात पोचला की नाही, देव जाणे. सगळं मैदान माझ्याकडे पाहून राहिलं होतं. मी मिटल्या डोळ्यांनीच शिट्टी मारली, अन् हात सौंसरकडे केला.

मास्तर कप उराशी धरून रडला. मला मात्र घास गोड लागेना. महिनाभरानं त्याच्या संत्र्याच्या बागेत गेलो अन् सांगून टाकलं.

"देवा, त्या टायमाले माहे डोये बंद होते. मले काहीच दिसलं नाही."

मास्तरनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. उठला, अन् माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला.

"म्हणूनच तं! डोये उघडे ठेवून तं तू मले पंधरा वर्सं हरवलं!"