पुढची गाडी कोण हाकणार?

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. अमरावतीहून अकोल्याकडे गाड्यांची रीघ लागली. त्यातल्याच एका तांड्याचे म्होरके होते जानराव. वाट, पाणी, मुक्काम, सारं त्यांच्या शब्दावर चाले. पण आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आपल्यामागे तांडा कोणी चालवावा, या घोरानं त्यांना अन्न गोड लागेना.

आधी त्यांनी तांड्यातल्या किसनरावला तयार केलं. व्यापाऱ्यांशी कसं बोलावं ते शिकवलं. तो इतकं शिकला, की एका व्यापाऱ्यानं त्याला दलाल म्हणूनच उचललं. मग पुतण्या नत्थू. स्वभावानं गरीब, पण गाडीवान भांडायला लागले की हाच आधी रडकुंडीला येई.

"दगडाले पानी घालून राह्यलो मी!" जानराव बायकोपाशी, माणिकबाईपाशी चरफडत.

उरला तांड्यातला तरणा गाडीवान पंजाबराव. डोक्यानं थंड, गाडीवानांच्या मनातला. पण तो पुढच्या गाडीवर बसला, की जानराव त्याच्या पाठीशी बसून ओरडत, "डावीकून घे! बैल दमले, दिसत नाई काय?"

एकदा काटेपूर्णेच्या काठावर त्यानं कासराच जानरावांच्या मांडीवर टाकला. "तुमीच हाका. तुमी मांगून बोंबलता, मंग लोक माहं काहून आयकतीन?"

जानरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते शेवटच्या गाडीत जाऊन बसले. पंजाबरावनं नदीचा नेहमीचा उतार सोडला आणि तांडा वरच्या अंगानं पाण्यात घातला. जानरावांच्या ओठांवर शिवी आली, ती त्यांनी गिळली. सगळ्या गाड्या पार झाल्या. कापसाचं एक पोतंही भिजलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठी, त्यांनी सर्वांदेखत सांगितलं, "आजपासून तांडा याचा."

हंगाम सरता सरता पंजाबराव त्यांच्याकडे आला. मान खाली. "बाप म्हन्ते, सारं वावर कापसाखाली घालू, तू घरीच राय. पुढच्या साली माहं येनं होत नाई."

जानरावांनी कपाळावर हात मारला. "तिसरा!" मग म्हणाले, "जाय. पन तुह्या जागी कोन, याचा इचार केला काय?"

तो विचार पंजाबरावनंही केला नव्हता.

जानराव काठी टेकत उठले. बैल पाण्यावर नेले होते, तिकडे गाडीवानांची वादावादी चालली होती. चेहरे काही दिसत नव्हते. कोण बोलल्यावर बाकीचे गप्प होतात, तेवढंच ऐकत ते उभे राहिले.