पोर्शीबाईचा राँग नंबर

कूलरची हवा भिंतीला देऊन जावयाला घामात बसवणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तो नागपूरचा मे महिना होता. सीताबर्डीहून ऑटोने येईपर्यंत माझा पापड झाला होता. पण विदर्भात जावयाचा थाट वेगळाच असतो. मामींनी वडाभात केला होता आणि कूलरसमोरची खुर्ची माझीच, या भरवशावर मी रुमाल घडी घालून खिशात ठेवला. तेवढ्यात मामा उठले, त्यांनी कूलर कुरकुरत ढकलला आणि त्याचं तोंड कोपऱ्यातल्या जळमटाकडे केलं. "पोर्शीले हवा लागते," ते म्हणाले. "बसा न जवाईबापू. फक्त हालू नका." मी तासभर हललो नाही. वडाभातसुद्धा मामींनी हातात आणून दिला.

ही पोर्शी म्हणजे पोर्शिया नावाची, भिंतीवरची आठ पायांची कोळीण. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलीने मामांना हे नाव सांगितलं आणि मामींच्या सुखी संसाराला दृष्ट लागली. बाकीचे कोळी जाळं विणून माश्यांची वाट पाहतात. या बाई दुसऱ्याच्या जाळ्यात शिरून घरमालकिणीलाच खातात. दिसायला म्हणाल तर निव्वळ कचरा, जाळ्यात अडकलेलं सुकं पान वाटावं अशी. चालतेही थरथरत, थांबत थांबत. वाऱ्याने जाळं हललं की त्या हलण्याच्या आडोशाने दोन पावलं पुढे सरकते, म्हणजे मालकिणीला पत्ता लागत नाही. कूलर त्यासाठी. घरात दरोडा पडावा म्हणून दरोडेखोराला वारा घालणारा गृहस्थ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मामा टेलिफोनच्या खात्यात लाइनमन होते. कन्हानपासून पारशिवनीपर्यंतच्या खांबांवर त्यांचं तारुण्य गेलं. त्यामुळे पोर्शीच्या शिकारीचं त्यांचं शास्त्र सगळं खात्याच्या भाषेत असे. जाळ्याच्या कडेला उभी राहून ती पायांनी तार छेडते, अडकलेला मच्छर धडपडतो तशी. "पाहा, फोन लावून राहिली," मामा माझ्या कानात सांगत. "तिकडून थे घरवाली समजते, मच्छर आला. हा राँग नंबर हाय, जवाईबापू." आणि घरवाली नाही हलली तर? "मंग दुसरा नंबर लावते. वेगळी तार, वेगळा ठेका. जो लागला थो धरून ठेवते." उचललेल्या फोनवर समोरचा खरं बोलतोय की नाही हे आपल्याला 'हॅलो' वरूनच कळतं, असा त्यांचा दावा होता. तीस वर्षं खांबावर बसून लोकांची बोलणी चुकून ऐकलेला माणूस असा दावा करणारच.

मामींचं आणि पोर्शीचं वैर मात्र उघड होतं. एका दिवाळीत मामींनी सगळी जळमटं काढली आणि पोर्शीबाई सुपलीत गेल्या. मामींची तरी काय चूक? कचऱ्यासारखा दिसणारा प्राणी झाडूला कचराच वाटणार. त्या दिवसापासून घरातला केर तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. दारात कचरागाडी गाणं वाजवत उभी, मागे चार स्कूटरवाले हॉर्न मारतायत आणि मामा ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, सुपलीतलं एकेक पान बोटाने उलटतायत, हे दृश्य साऱ्या गल्लीने पाहिलंय. "अजी, काय सोनं हाय का त्यात?" मामी ओरडायच्या. गाडीवालाही हळूहळू तयार झाला. "काका, हे हालून राहिलं बगा," असं म्हणून तो एखादी काडी परत द्यायचा. एक पोर्शी गेली की पावसाळ्यानंतर कुठूनतरी दुसरी येई. मामा तिलाही पोर्शीच म्हणत. साहेब बदलले तरी खुर्ची तीच, असं खात्यात शिकलेले.

एवढं करून त्यांना हवी होती एकच गोष्ट, आणि ती काही त्यांना दिसत नव्हती. पोर्शीला सावज दूर दिसलं आणि सरळ रस्ता धोक्याचा असला, तर ती म्हणे पाठ फिरवून चक्क उलट दिशेला निघते. सावज नजरेआड होतं, तरी ते कुठे आहे हे ती विसरत नाही. भिंतीवरून लांबचा फेरा घेऊन, बरोबर त्याच्या डोक्यावर पोचून, दोरा सोडून खाली उतरते. हा पुरा फेरा मामांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचा होता. एकदा ती उलटी निघाली आणि दारावर रद्दीवाला आला. एकदा मामांनाच लघवीला लागली. आणि एकदा, कबूल करतो, मी शिंकलो. त्यानंतर दोन सण मला जवाईबापू म्हणून कुणी हाक मारली नाही, नुसतं "अहो" वर भागवलं.

"आठ डोळे हायेत तिले," ते सांगत, "पापणी एक नाही. मिटायची भानगडच नाही. म्हणून कायी सुटत नाही तिच्या हातून." बोलताना ते स्वतःचे डोळे पुन्हा पुन्हा चोळत. आम्हाला वाटे, टक लावून पाहण्याचा परिणाम. दाखवलं तेव्हा काचबिंदू निघाला आणि तोही उशिरा. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा, असं डॉक्टर म्हणाले. मामा घरी आले आणि त्यांनी खुर्ची भिंतीच्या आणखी हातभर जवळ सरकवली. त्या दिवशी मला त्यांची थट्टा सुचली नाही.

गेल्या महिन्यात दुपारी गेलो तेव्हा कूलर भिंतीकडेच होता. आता मामांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ते खुर्चीत मान वर करून बसले होते आणि शेजारी स्टुलावर, झाडू मांडीवर घेऊन, मामी. मामींनी मला हातानेच गप्प बसायला सांगितलं.

"काय करून राहिली वं?" मामांनी विचारलं.

"पाठ फिरवली जी तिनं. उलटी चालली."

मामा खुर्चीत ताठ झाले. "जाऊ दे. बोलू नको."

"खिडकीच्या वरून गेली. आता घड्याळाच्या मांगं. नाही दिसत." मामी थांबल्या. "निंगाली. बरोब्बर त्या दुसरीच्या डोक्यावर हाय. थांबली. डोळे मिटून इचार करून राहिली."

मी कोपऱ्यात पाहिलं. जाळ्यात कडुलिंबाचं एक सुकं पान कूलरच्या हवेने हलत होतं. बाकी काही नव्हतं, ना पोर्शी, ना ती दुसरी.

"उतरली," मामी म्हणाल्या. "धरलं तिले."

मामांनी मोठा श्वास सोडला आणि मांडीवर थाप मारली. "झालं वं. पाह्यलं एकदाचं." मामी डोळ्याला पदर लावून चहा टाकायला आत गेल्या. जाताना त्यांनी झाडू जाळ्यापासून लांब, दाराआड ठेवला.

भांड्याचा आवाज आल्यावर मामा माझ्याकडे झुकले.

"जवाईबापू, पोर्शीले पापण्या कुठं असते?"

मी पुन्हा त्या सुक्या पानाकडे पाहिलं.

"राँग नंबर हाय," ते हळूच म्हणाले. "पण मामीले सांगू नका. मी फोन ठेवत नाही."