भिंतीवरचे गोल

कोथरूडच्या आमच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि त्याबरोबर बिल्डरचे सुपरवायझरही मिळाले. भिंतींना तडे दिसले म्हणून मी तक्रार केली, तेव्हा हे गृहस्थ कानावर पेन्सिल खोचून आले. प्रत्येक तड्याभोवती त्यांनी सुबक गोल काढला, आत आकडा घातला, तो वहीत उतरवला आणि म्हणाले, "नोंद झाली, काका."

"आणि दुरुस्ती?"

"आधी नोंद तर पुरी होऊ द्या."

मग ते दर शनिवारी येत. तडा वाढला असेल तर जुना गोल खोडरबराने पुसून मोठा काढत. चार महिन्यांत हॉलमध्ये सव्वीस गोल झाले. पाहुणे विचारत, "नातू आलाय वाटतं?" मी सांगे, "नाही, सुपरवायझर."

शेवटी एकदाचे रंगारी आले. त्यांनी तडे बुजवले, वर दोन हात रंग दिला. भिंत इतकी गुळगुळीत झाली की बायको उगाचच तिच्यावरून हात फिरवत बसली.

शनिवारी सुपरवायझर आले. भिंत बघून त्यांचा चेहरा उतरला.

"गोल कुठे गेले?"

"तड्यांबरोबर गेले."

"मग काम झाल्याची खूण मी कुठे करू?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि नव्या रंगावर सव्वीसच्या सव्वीस गोल पुन्हा काढून प्रत्येकात 'झाले' असं लिहिलं. वही न उघडता, एकही जागा न चुकता. मी त्यांना अडवायला हवं होतं. पण त्या भिंतीकडे इतकं मन लावून ती बांधतानासुद्धा कुणी पाहिलं नसणार.