कानसेनचे कान

कोळशाच्या खाणीत सगळे त्याला कानसेन म्हणत. पाळी सुरू व्हायच्या आधी पहार घेऊन तो आत जायचा, छत ठोकायचा आणि ऐकायचा. टणटणीत वाजलं तर माणसं आत. फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं तर आधी लाकडाचे टेकू, मग काम. एकवीस वर्षांत त्याच्या छताखाली कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. म्हणून तर जावयाला त्यानं आपल्याच पाळीत ओढून घेतलं.

आणि नेमके त्याचेच कान गेले. बायकोनं मागून पातेलं आपटून पाहिलं, तर गडी ढिम्म.

"अहो, साहेबांना सांगून टाका," ती समोर येऊन म्हणाली. "पोरीचा नवरा तुमच्या भरवशावर आत जातो."

"सांगतो की. मग वर अंगण झाडत बसतो. कानसेनचा झाडूसेन!"

सांगितलं काही नाही. ओठ वाचून वेळ मारून नेऊ लागला. आधी भीतीपोटी दिसेल तिथे टेकू लावायला सांगायचा. मुकादम वैतागला. "म्हातारपणी घाबरट झालास काय रे?" सगळे फिदीफिदी हसले, आणि ते हसणं मात्र त्याला बरोबर कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो पहार ठोकायचा, डोळे मिटायचा, मान हलवायचा. मेल्याला नाटक झकास जमायचं.

मंगळवारीही तसंच. "मामा, ठीक ना?" जावयानं विचारलं. त्यानं मान हलवली.

तासाभरानं छत करकरलं. सगळ्यांनी ऐकलं, सगळे पळाले. हा पाठमोरा, पुढची जागा ठोकत उभा. ते पाहून जावई अर्ध्या वाटेतून मागे फिरला. कुणीतरी जोरात ढकललं म्हणून कानसेन लांब जाऊन पडला. वळून बघतो तर आपल्या जागी जावई, दिव्याच्या उजेडात ओठ हलताहेत. मग वरून दगड आले.

साहेब घरी आले. "छत येत होतं तरी हा माणूस जागचा हलला नाही," ते आदरानं म्हणाले. "असा माणूस आम्ही सोडणार नाही."

साहेब गेल्यावर लेक त्याच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तुम्ही तिथेच होतात. शेवटी काय ओरडले ते?"

"तुझं नाव घेतलं," तो म्हणाला.

लेकीनं हंबरडा फोडला. बायको दारातून बघत होती. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलते ती पाठ करूनच.