पटेलांच्या मोटारीतला सेकंदकाटा

नागसेनच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. पाना धरताना तो ती बाजूला ठेवतो आणि जमेल तेवढं काम डाव्या हातानं करतो. त्या बोटांची हकिगत मला लिहायची आहे. मी शाळामास्तर होतो खरा, पण हजेरीपट आणि रजेचे अर्ज सोडले तर फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव आदिलाबादजवळच्या जैनथ मंडळात, पैनगंगेच्या अलीकडे. गावात दर माघात शंकरपट भरायचा. बैलांची एकेक जोडी छकड्याला जुंपून सोडायची, आणि कमी सेकंदांत जी रेषा गाठेल ती जिंकली. सेकंद मोजले जायचे भगवानराव पटेलांच्या लाल मोटारीतल्या घड्याळावर. ती दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची विलायती गाडी होती, खास पळवायला केलेली. हैदराबादच्या कुठल्याशा नवाबाच्या घरून पटेलांनी ती आणली होती. तिच्या डॅशबोर्डवर मधोमध एक गोल घड्याळ होतं, बारीक लाल सेकंदकाट्याचं.

पटाच्या दिवशी मोटार शेवटच्या रेषेपाशी उभी राहायची. स्टिअरिंगवर पटेल, शेजारी वही घेऊन मी. पलीकडे झंडी पडली की पटेल काट्यावर नजर ठेवत. जोडी रेषेवरून गेली की आकडा बोलत, आणि मी तो लिहून घेई. त्या आकड्यावर कोणी हरकत घेत नसे. घड्याळाची मिनिटं रेडिओच्या बातम्यांशी जुळायची, आणि पटेलांचे स्वतःचे बैलसुद्धा त्याच घड्याळावर हरायचे. पटेल छाती फुगवून सांगत, "माझं घड्याळ माझ्या बैलायचीबी भीड ठेवत नाही."

१९८७ साली पटेलांची जोडी नागनाथ हाकत होता. नागनाथ हा नागसेनचा बाप. पटेलांच्या शेतावर राबायचा, आणि त्याच्यासारखा धुरकरी या काठावर दुसरा नव्हता. त्याआधी वांकिडीकडची एक जोडी नऊ सेकंदांत आली होती. नागनाथनं तुतारीचा, म्हणजे बैल हाकायच्या काठीचा, खिळा बैलांच्या पुठ्ठ्यात असा घुसवला की रक्ताचे थेंब मागे त्याच्याच तोंडावर उडत होते. एका बैलाची शेपटी त्यानं दातात धरली होती. धुळीचा लोट अंगावर आला, जोडी निघून गेली, आणि पटेल म्हणाले, "अकरा."

मी अकरा लिहिले.

पटेल खाली उतरले. नागनाथ अजून छकड्यावरच होता, तोंडात शेपटीचे केस.

"दोन सेकंद कोणाले इकले बे?"

"पटेल, बैलाच्या अंगात होतं तेवढं काढलं जी."

"मंग माझं घड्याळ खोटं बोलते का?"

पटेलांच्या गड्यांनी छकड्याची उभारी उपटली. चांगली मनगटाएवढी जाड लाकडी उभारी. पहिला घाव नागनाथच्या गुडघ्यावर बसला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तो पडला, तरी ते मारत राहिले. नऊ वर्षांचा नागसेन गर्दीतून धावत आला आणि एका गड्याच्या मांडीला चावला. गड्यानं त्याचे केस धरून त्याला मोटारीच्या दारावर आपटलं. त्याच्या कपाळातलं रक्त माझ्या वहीवर पडलं. मी वही मिटली.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. नागनाथची जोडी पळत असताना काटा बाराच्या पुढे गेला आणि एकदम तीन घरं खाली पडला. मला वाटलं डोळ्यात धूळ गेली. पटेलांना विचारायची माझी छाती झाली नाही.

नागनाथ जगला, पण पाय ओढत. पटेलांनी कामावरून काढलं. आणि पोराच्या मागे एक नाव लागलं: दोन सेकंद. नागसेन माझ्याच वर्गात होता. चौथीत लखन नावाच्या मुलानं "ए दोन सेकंद" म्हटलं, तर यानं कंपासचं टोक त्याच्या तळहाताच्या आरपार घातलं. मी नागसेनला छडीनं मारलं. पुढे तो आदिलाबादला गॅरेजात शिकायला गेला. तिथे गावाकडच्या एका ट्रक ड्रायव्हरनं बापाचा विषय काढला. टायर खोलायच्या पहारीनं नागसेननं त्याचा जबडा फोडला आणि सहा महिने तुरुंगात काढले. नागनाथ वारला तेव्हा स्मशानात दोघं कुजबुजले, "आज तरी टायमावर पोचला." चिता पेटायच्या आधी ते दोघं जमिनीवर होते आणि नागसेन त्यांच्या तोंडावर लाथा घालत होता. त्याची आई रुख्मिणीबाई बाजूला उभी होती. तिनं त्याला थांबवलं नाही.

यंत्राशी मात्र हा माणूस फार हळुवार वागायचा. जैनथच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. एखादा नट फिरत नसेल तर त्याला डिझेल पाजून दोन दोन दिवस वाट पाहील, हातोडा घालणार नाही. दुरुस्त केलेली किंवा काढलेली वस्तू तपासल्याशिवाय परत द्यायची नाही, हा त्याचा नेम. निवृत्त झाल्यापासून मी त्याच्याकडे जाऊन बसतो. तो चहा सांगतो. छडीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

मधे बरीच वर्षं पट बंद होता. पुन्हा सुरू व्हायचं ठरलं तेव्हा पटेलांचा नातू भूषण हैदराबादहून आला आणि ती लाल मोटार नागसेनच्या दारात उभी केली. भगवानराव जाऊनही वीस वर्षं झाली होती.

"इंजिन गरम होतं, आणि कळत काहीच नाही," भूषण म्हणाला. "हे घड्याळ काढून टाक. वेळ काय मोबाईलमध्येही दिसते. त्या जागी पाण्याच्या टेंपरेचरचं मीटर बसव. पटाच्या दिवशी आजोबांची गाडी रेषेवर उभी करायची आहे. सेकंद मोजायला आता मशीन आहे, ही नुसती मानाची."

"बसवतो," नागसेन म्हणाला.

घड्याळाच्या भोकात मीटर जवळजवळ नेमकं बसलं, फक्त एक रबरी कडं घालावं लागलं. मीटरला तांब्याची केसासारखी नळी असते, तिचं टोक इंजिनच्या पाण्यात सोडायचं. तिला पीळ पडला की मीटर मेलं. ती नळी इंजिनच्या बाजूनं आत घ्यायला त्यानं अख्खी सकाळ घालवली. इंजिन चालू केलं, काटा हळूहळू चढला आणि मधोमध स्थिरावला. नागसेन हसला. त्याला हसताना मी क्वचितच पाहिलं आहे.

मग नेमाप्रमाणे त्यानं काढलेलं घड्याळ बॅटरीला जोडून पाहिलं. लाल काटा चढत बारापर्यंत आला आणि पलीकडे एकदम तीन घरं, म्हणजे तीन सेकंद, पुढे पडला. नागसेन वाकला. पुढे सहाच्या पलीकडे गेल्यावर काटा तीन सेकंद जागीच लटकला, मग पुन्हा चालू झाला. काट्याच्या दांडीत झोल होता. एका बाजूला जास्तीचे दाखवलेले तीन सेकंद तो दुसऱ्या बाजूला थांबून परत देत होता, म्हणून मिनिटं बरोबर यायची. त्यानं मोबाईल शेजारी ठेवून वीस वेळा तपासलं.

"गुरुजी, पाह्यलं का?"

"पाहिलं."

"तुमी तवा गाडीत होता. तवाबी असाच पडे का?"

"आठवत नाही," मी म्हणालो. मला सगळं आठवत होतं.

पटाच्या दिवशी मोटार हार घालून रेषेवर उभी होती. पहिली जोडी सुटायच्या आधीच नागसेन गर्दीतून आला आणि घड्याळ, बॅटरी, मोबाईल असं सगळं बोनेटवर मांडलं.

"या, सगळे या," तो ओरडला. "माझ्या बापानं दोन सेकंद इकले म्हणता नं? पाहा. डोळे फाडून पाहा."

लोक भोवती जमले. काटा बारावरून पडला तसा म्हाताऱ्यांच्या तोंडून "आँ" निघालं. भूषण गर्दी फोडत पुढे आला.

"तमाशा बंद कर. बाप सेकंद विकून गेला, आता तू काय आजोबांची इज्जत विकायला काढलीस?"

"आजोबा खोटा होता असं म्हणत नाही मी. घड्याळ खोटं होतं. एवढंच बोला. सगळ्यायसमोर बोला."

"चाळीस वर्षांत सडलं असेल. तेव्हा चांगलं होतं. पुरावा आहे का तुझ्याकडे?"

नागसेननं गर्दीत नजर फिरवली आणि मला शोधलं. "गुरुजी, तुमी सांगा."

मी पायांकडे पाहत राहिलो.

भूषणनं घड्याळ उचलून दगडावर आपटलं. काच, दाते, काटा, सगळं मातीत गेलं. नागसेननं त्याच्या नाकावर ठोसा घातला आणि दोघांचे कपडे लाल झाले. भूषणसोबतचे तिघं धावले. त्यांनी नागसेनला बोनेटवर उपडं दाबलं, उजवा हात पसरून धरला, आणि एकानं जवळच्या छकड्याची उभारी उपटली.

पहिल्या घावाला बोटं फुटली. नागसेननं दात पत्र्यावर रोवले. दुसऱ्या घावाला उभारी वर गेली तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाले. "तीन घरं पडला होता! त्या दिवशीबी पडला होता. म्या पाह्यलं."

उभारी हवेतच थांबली. माझ्या शेजारचा एक म्हातारा बोलला, "मंग आमी ब्याऐंशी साली हरलो ते?" दुसरा म्हणाला, "अन् त्याच घड्याळापायी माझ्या भावाचा हात तोडला तुमी, त्याचं काय?" त्या घड्याळावर न हरलेलं घर या पंचक्रोशीत क्वचितच असेल. पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही. तुताऱ्या माणसांच्या अंगात घुसत होत्या. बिथरलेली एक जोडी छकड्यासह गर्दीत घुसली आणि दोघांच्या छातीवरून गेली. एका तरुणाचा डोळा गेला. कोणीतरी मोटारीच्या रेडिएटरमध्ये तुतारी खुपसली. भूषण कसाबसा गाडीत चढला, चालू केली आणि लोकांना ढकलत निघाला. मागे पाण्याची धार लागली होती.

नागसेन मातीत पडला होता, हात छातीशी धरून. तशातही तो ओरडला, "भूषणभाऊ, काटा पाहा! लालवर गेला की बंद करा!"

भूषणनं ऐकलं की नाही ठाऊक नाही. पण गाडी जैनथच्या अलीकडे वेळेवर बंद केलेली सापडली. इंजिन वाचलं. मीटर चांगलं बसवलं होतं. तोवर पोलीस येऊन उरलेल्यांना लाठ्यांनी पांगवत होते.

नागसेनला दवाखान्यात नेल्यावर मी रुख्मिणीबाईकडे गेलो. ती उंबऱ्यात बसली होती. मी सगळं सांगितलं, काटा पडताना पाहिला तेही आणि गॅरेजात खोटं बोललो तेही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, भिंतीला धरून उठली आणि माझ्या तोंडात मारली. चष्मा उडाला. मग आणखी एक मारली. पंच्याऐंशीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"काऊन नाही बोलले, गुरुजी? माझा माणूस बावीस वर्षं हेच म्हणे, म्या बैल ओढून धरले नाही, म्या बैल ओढून धरले नाही. झोपेतबी म्हणे."

मी खाली वाकून चष्मा उचलला.

"घड्याळ तर फोडलं त्यानं. तुमीबी उद्या मराल. आता लिवून द्या. मले वाचता येत नाही, लोकाले येते."

म्हणून लिहून देतो. १९८७ च्या पटात नागनाथनं हाकलेली जोडी पळत असताना सेकंदकाटा बारावरून तीन घरं खाली पडला. हे मी शेजारच्या सीटवरून पाहिलं. आधीच्या जोडीच्या वेळी काटा कुठे होता ते मला आठवत नाही, त्यामुळे नागनाथ जिंकला असं शपथेवर म्हणता येणार नाही. पण त्यानं सेकंद विकले नव्हते. वहीत मी अकरा लिहिले. तिथे आठ हवे होते.